विमान कंपनीला ओळख मिळवून देणारे जे. आर. डी. टाटा

भारतीय नागरी विमान वाहतुकीचे जनक जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचे घर टाटा कुटुंबाच्या फ्रान्सच्या किनाऱ्यावरील सुटीतल्या घराजवळच होते. तेथेच त्यांना विमानाचे वेड लागले. भारतात देण्यात आलेला वैमानिकाचा पहिला परवाना १९२९ मध्ये त्यांना मिळाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘पस मॉथ’ या छोट्या विमानातून टपाल घेऊन ते कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला पोहोचवले. सरकारी अनुदान नव्हते, जाहिरातीसाठी पैसा नव्हता. जुहूची धावपट्टी म्हणजे मातीचे मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि मुक्काम पुण्याला हलवावा लागे. पहिल्या वर्षात प्रवासी मिळाले अवघे १५५. अशा सेवेवर लोकांनी विश्वास का ठेवावा, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर वेळापत्रकाने दिले. सह्याद्रीवरील मुसळधार पावसातही टपाल वेळेवर पोहोचत राहिले. नागरी विमान वाहतूक विभागाच्या १९३३-३४ च्या अहवालानेही या काटेकोरपणाची दखल घेतली. कंपनीची पहिली जाहिरात हीच म्हणावी लागेल.

१९४६ मध्ये ‘टाटा एअरलाइन्स’ सार्वजनिक कंपनी होणार, तेव्हा नव्या नावाचा प्रश्न आला. इंडियन एअरलाइन्स, पॅन-इंडियन एअरलाइन्स, ट्रान्स-इंडियन एअरलाइन्स आणि एअर-इंडिया अशी चार नावे पुढे आली. मुंबईतील मुख्यालयात, ‘बॉम्बे हाउस’मध्ये, कर्मचाऱ्यांचे मत घेण्यात आले आणि ‘एअर-इंडिया’ची निवड झाली. मालकाने आपले घराण्याचे नाव बाजूला ठेवून देशाचे नाव स्वीकारावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

त्याच वर्षी कंपनीचे बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेतील चित्रकार उमेश राव यांनी मोठ्या मिशांचा, झुकून स्वागत करणारा ‘महाराजा’ घडवला. मुळात तो प्रवाशांना देण्याच्या टिपणवहीसाठी होता, पण पाहता पाहता कंपनीचा चेहरा बनला. पुढे महाराजाच्या मिश्कील थट्टेने कधी कधी वादही ओढवले. कूकांना मात्र मोकळीक मिळत राहिली.

८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला झेपावले. स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते. परदेशी कंपन्यांच्या तुलनेत भारतीय सेवा कमी पडली असती, तर नाव देशाचे खराब झाले असते. टाटा स्वतः त्या विमानात होते. पुढेही प्रत्येक प्रवासात ते आसने, स्वच्छतागृहे, पडदे, इतकेच काय, चहाचा रंगही तपासत आणि त्रुटींची टिपणे संबंधितांना धाडत.

१९५३ मध्ये त्यांच्या विरोधाला न जुमानता राष्ट्रीयीकरण झाले, तरीही अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा एकदा केले. १९९२ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ प्रदान करण्यात आले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली.