अच्युत कानविंदे : आचऱ्याहून कानपूरपर्यंत

स्वतंत्र भारताच्या प्रयोगशाळा आणि विद्यापीठे यांना रूप देणारे वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांचा जन्म 1916 साली कोकणातील आचरे या गावी झाला. वडील मुंबईत चित्रकलेचे शिक्षक होते. मुलाचा ओढाही रंगरेषांकडेच होता. परंतु सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी वास्तुकलेची वाट धरली. 1943 मध्ये ते दिल्लीत वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत रुजू झाले आणि दोन वर्षांनी सरकारने त्यांना अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे वाल्टर ग्रोपियस हे त्यांचे गुरू होते.

1947 मध्ये ते परतले, तेव्हा देशाला प्रयोगशाळा हव्या होत्या आणि त्या बांधण्याचा अनुभव फारच थोड्यांपाशी होता. अहमदाबादच्या अटिरा या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेच्या वास्तूत गुरूंची शिकवण स्पष्ट दिसते : सरळ रेषा, साधे ठोकळे, अलंकरणाला पूर्ण फाटा. मात्र हार्वर्डची शिकवण भारतातील उन्हात जशीच्या तशी टिकणारी नव्हती. ती तपासून पाहण्याची तयारी कानविंदे यांनी दाखविली, हाच त्यांचा खरा मोठेपणा.

1955 मध्ये त्यांनी शौकत राय यांच्यासह स्वतःचे कार्यालय थाटले. त्यानंतर कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे काम त्यांच्याकडे आले. संस्थेचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. उत्तर प्रदेशातील त्या माळावर दोन मराठी माणसांची अशी गाठ पडली. कानविंदे यांनी वाहने कडेला ठेवली आणि मधला भाग चालणाऱ्यांना दिला. ग्रंथालय मध्यवर्ती ठेवून निरनिराळे विभाग छत असलेल्या लांब मार्गिकांनी जोडले. काँक्रीटचा सांगाडा, त्यात विटांच्या भिंती, मध्ये झाडे आणि पाणी. जेठातल्या दुपारी विद्यार्थी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात सावलीतून जावा, इतका साधा विचार त्यामागे होता. उघडे काँक्रीट पावसापाण्याने काळवंडते, हा आक्षेप मात्र त्या पिढीच्या साऱ्याच वास्तूंना लागू पडतो.

मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत त्यांनी छतावर हवा खेळती ठेवणारे उंच झरोके उभारले. कारखान्यालाही शिल्पाचा डौल आला. ग्रोपियस यांच्या या शिष्याने उत्तरायुष्यात दिल्लीच्या इस्कॉन मंदिराची शिखरेही रेखाटली, हे अनेकांना ठाऊक नसते! पद्मश्रीने सन्मानित झालेल्या कानविंदे यांचे 2002 च्या डिसेंबरात निधन झाले.

त्यांचे आराखडे, रेखाटने व छायाचित्रे कार्यालयाने आणि कुटुंबीयांनी जपून ठेवली. त्यांच्या आधारे 2017 मध्ये ‘आकार’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावरील राज रेवाल यांचे हॉल ऑफ नेशन्स जमीनदोस्त करण्यात आले. त्या काळच्या वास्तूंना पन्नाशीही गाठता येईल याची शाश्वती उरलेली नाही. कानपूरच्या मार्गिकांवरून मात्र विद्यार्थी आजही सावलीतून वर्गाला जातात.