खांद्याची तुटलेली शीर शिवणारे डॉ. कॉडमन, 'रुग्ण बरा झाला का?' विचारलं आणि पद गमावलं

इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरमध्ये यंत्रमागावर काम करणाऱ्यांना खांदेदुखी नवी नाही. बीम उचलायचे, ताके वाहायचे, दिवसभर हात चालवायचा. अशा कामात एखाद्या दिवशी खांद्यात कळ येते आणि हात डोक्यावर जाणंच बंद होतं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'रोटेटर कफ टिअर' असं लिहून येतं आणि डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. मीटरवर मजुरी मिळवणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, हात पुन्हा कामाला येईल का?

या प्रश्नासाठी आयुष्य पणाला लावणाऱ्या सर्जनचं नाव होतं डॉ. अर्नेस्ट अमोरी कॉडमन.

कोण होते कॉडमन?

कॉडमन यांचा जन्म 30 डिसेंबर 1869 रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात झाला. 1895 मध्ये त्यांनी हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी घेतली. विद्यार्थी असतानाच त्यांनी आणि पुढे मेंदूचे सर्जन म्हणून गाजलेल्या हार्वी कुशिंग यांनी भूल दिलेल्या रुग्णाची नाडी आणि श्वास कागदावर नोंदवायला सुरुवात केली. एक्स-रेचा शोध लागल्यावर त्याचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांमध्येही ते होते. नोंद ठेवायची ही सवय त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही.

खांद्यात नेमकं काय तुटतं?

स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर म्हणजे टेंडन. बोलीभाषेत आपण त्यालाही शीरच म्हणतो. खांद्याभोवती अशा चार स्नायूंच्या टेंडनचं कडं असतं, तेच रोटेटर कफ. त्यातला सर्वांत वरचा, हात बाजूला उचलायला मदत करणारा सुप्रास्पायनॅटस. सगळ्यात जास्त फाटतो तोच.

त्या काळी हात वर न जाण्याचं हे कारण फारसं ओळखलं जात नसे. कॉडमन यांनी 1909 मध्ये खांदा उघडून तुटलेला सुप्रास्पायनॅटस शिवला आणि 1911 मध्ये अशा दोन यशस्वी ऑपरेशनची माहिती प्रसिद्ध केली. जर्मनीत त्याआधी काही प्रयत्न झाले होते, पण या दुखण्याचा इतका सलग अभ्यास कॉडमन यांनीच केला. दुखापतीने टेंडन पूर्ण तुटला असेल तर ऑपरेशनला उशीर करू नये, असं त्यांचं मत होतं.

वाद कशावरून झाला?

प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड करायचं. त्यावर तक्रार, निदान, उपचार आणि गुंतागुंत लिहायची. मग वर्षभराने रुग्णाला पुन्हा तपासून तो बरा झाला का, नसेल तर का नाही, हेही नोंदवायचं. कॉडमन यांची योजना एवढी साधी होती.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मात्र सर्जनची बढती सेवाज्येष्ठतेवर ठरायची, निकालावर नाही. कॉडमन यांनी 1911 मध्ये स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं. 1916 पर्यंतच्या 337 रुग्णांच्या नोंदींत त्यांनी 123 चुका मान्य केल्या आणि त्या छापून इतर रुग्णालयांना पाठवल्या. निदान चुकलं की हात चुकला, हेही त्यात लिहिलं होतं.

1914 मध्ये त्यांनी जुन्या रुग्णालयाचा राजीनामा दिला. जानेवारी 1915 मध्ये डॉक्टरांच्या भर सभेत त्यांनी एक मोठं व्यंगचित्र उघडलं. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग म्हणजे बॉस्टनची श्रीमंत वस्ती, आणि त्याची सोन्याची अंडी गोळा करणारे डॉक्टर! सभेत गदारोळ झाला. कॉडमन यांचं स्थानिक वैद्यकीय संघटनेतलं पद गेलं, हार्वर्डमधली शिकवण्याची जागाही गेली. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांचं रुग्णालयही बंद पडलं.

पुढे काय झालं?

कॉडमन पुन्हा खांद्याकडे वळले. 1934 मध्ये त्यांनी 'द शोल्डर' हा ग्रंथ स्वखर्चाने छापला. 'फ्रोझन शोल्डर' हा शब्द रूढ झाला तो याच पुस्तकामुळे. कामावर खांदा गमावलेल्या मजुरांचा प्रश्नही त्यात होता. कमरेत वाकून हात सैल सोडायचा आणि लंबकासारखा झुलवायचा, हा फिजिओथेरपीतला व्यायाम आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

23 नोव्हेंबर 1940 रोजी त्वचेच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड नव्हता. तो बसला 2014 मध्ये, तब्बल 74 वर्षांनी. तोवर रुग्णालयांनी निकाल मोजावेत, ही त्यांची कल्पना जगभर रुजली होती.

आज रुग्णाने काय विचारावं?

आता दुर्बिणीतून छोट्या छिद्रांवाटे टेंडन हाडाला पुन्हा बांधला जातो. त्यानंतर काही आठवडे हात झोळीत आणि पुढे काही महिने व्यायाम लागतो. प्रत्येक फाटलेल्या टेंडनला ऑपरेशन लागत नाही. वय, फाटण्याचा आकार आणि काम पाहून ते ठरतं. मात्र दुखापतीनंतर हात अचानक उचलेनासा झाला, तर नुसत्या मालिशवर महिने घालवू नयेत. स्नायू वाळत गेला की शिवण टिकणं अवघड होतं.

डॉक्टरांना हे प्रश्न जरूर विचारा:

- ऑपरेशन खरंच लागेल का? व्यायामाने भागेल का?
- जड काम पुन्हा कधी करता येईल?
- तुम्ही ऑपरेशन केलेल्या रुग्णांचे हात वर्षभरानंतर कसे आहेत?

शेवटचा प्रश्न कॉडमन यांचा आहे. तो विचारण्याची किंमत त्यांनी मोजली; रुग्णाला तो आज फुकट विचारता येतो.