कुमारी मेरी एलायझा महोनी

अमेरिकेंतील बोस्टन शहरीं स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं एक रुग्णालय होतें. बर्लिनहून आलेल्या डॉ. मेरी झाक्रझेव्स्का यांनीं तें 1862 सालीं स्थापिलें. तेथील डॉक्टर स्त्रियाच असत, आणि त्या काळीं ही गोष्ट फारच नवलाची होती. या रुग्णालयांत एक कृष्णवर्णी तरुणी स्वयंपाक करी, रोग्यांचे कपडे धुई, जमीन पुशी, आणि हात अपुरे पडले म्हणजे रोग्यांच्या खाटेपाशींहि मदतीस उभी राही. असें सुमारें पंधरा वर्षें चाललें. तिचें नांव मेरी महोनी.

मेरीबाईंचा जन्म 1845 सालीं बोस्टन येथेंच झाला. त्यांचे आईबाप दास्यांतून मुक्त होऊन दक्षिणेकडील नॉर्थ कॅरोलिना प्रांतांतून तेथें आले होते. उत्तरेस कोणी त्यांना विकत घेऊं शकत नव्हता. परंतु चांगल्या कामाचीं दारें मात्र तेथेंहि काळ्या माणसाला बंद असत. आपल्या गांवच्या पाणवठ्याची रीत ज्या वाचकांनीं सोसली आहे त्यांना हें अधिक फोडून सांगावयास नको.

या रुग्णालयानें 1872 सालीं परिचारिकांना पद्धतशीर शिक्षण देणारी शाळा काढली. तिची पहिली पदवीधर लिंडा रिचर्ड्स ही 1873 सालीं बाहेर पडली. मेरीबाईंना मात्र त्या शाळेंत प्रवेश मिळाला तो 23 मार्च 1878 रोजीं, वयाच्या 33 व्या वर्षीं. इतकीं वर्षें रोग्यांजवळ वावरलेल्या बाईला आणखी शिकावयाचें तें काय, असें कोणी विचारील. पाहून पाहून हात बसतो हें खरें. परंतु केवळ पाहून शिकलेल्या बाईला लोक मोलकरीणच समजतात. नाडी कां पहावयाची व ताप चढला असतां डॉक्टरांस काय सांगावयाचें, हें तिला कोणी समजावून दिलेलें नसतें. आणि कोणी विचारलें तर दाखवावयास तिच्याजवळ कागदहि नसतो.

शिक्षण सोळा महिन्यांचें होतें. दिवस पहाटे साडेपांचला सुरू होई, तो रात्रीं साडेनऊला संपे. औषधोपचाराचे रोगी, शस्त्रक्रियेचे रोगी व बाळंतिणी अशा निरनिराळ्या विभागांत विद्यार्थिनींना आळीपाळीनें काम करावें लागे. डॉक्टर व्याख्यानें देत. नाडी, श्वास, पट्ट्या बांधणें हें सर्व प्रत्यक्ष शिकविलें जाई. शेवटचे कांहीं महिने परक्या घरीं राहून एकट्यानें रोग्याची शुश्रूषा करावयाची असे. मला हा भाग सर्वांत कठीण वाटतो, कारण तेथें चुकल्यास सांभाळून घेणारें कोणी नाहीं. आज अमेरिकेंतील कम्युनिटी कॉलेजांत जे तरुण डॉक्टरांचे मदतनीस होण्यास शिकतात, त्यांनाहि वर्गांतील अभ्यासानंतर कांहीं आठवडे खऱ्या दवाखान्यांत काम करावें लागतें. रक्तदाब मोजणें पुस्तकांत वाचतां येतें. घाबरलेल्या म्हातारीचा दंड धरून तो मोजणें निराळें.

मेरीबाईंची उंची जेमतेम पांच फूट, वजन शंभर पौंडांहूनहि कमी. त्यांच्याबरोबर आलेल्या पुष्कळ जणी मध्येंच गळाल्या, आणि शेवटपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच टिकल्या. 1 ऑगस्ट 1879 रोजीं मेरीबाई उत्तीर्ण झाल्या. असें शिक्षण पुरें करणारी अमेरिकेंतील पहिली कृष्णवर्णी स्त्री ती हीच.

पुढें त्यांनीं अनेक वर्षें श्रीमंत घरांतून रोग्यांची सेवा केली. त्या घरांत काळ्या परिचारिकेला नोकरांतच गणण्याची चाल होती. मेरीबाईंनीं त्यावर भांडण केलें नाहीं. त्या नोकरमंडळींच्या पंक्तीस न बसतां स्वयंपाकघरांत एकट्याच जेवीत. कोणाला यांत ताठा दिसेल. मला तसें वाटत नाहीं. आपण येथें कोणत्या कामास आलों आहों, हें न बोलतां सांगण्याचा दुसरा मार्ग त्यांना नव्हता. त्यांच्या कामाची कीर्ति मात्र दूरवर गेली व लांबलांबच्या प्रांतांतून त्यांना बोलावणीं येऊं लागलीं.

परिचारिकांच्या पुष्कळ प्रांतिक संघांत काळ्या स्त्रियांना घेत नसत. म्हणून 1908 सालीं कृष्णवर्णी पदवीधर परिचारिकांनीं आपला राष्ट्रीय संघ काढला. त्याची पहिली परिषद 1909 सालीं बोस्टन येथें भरली, तेव्हां स्वागताचें भाषण मेरीबाईंनींच केलें. संघानें त्यांना तहहयात सभासद केलें व प्रार्थना चालविण्याचें कामहि त्यांच्याकडेच सोंपविलें. 1911 सालापासून सुमारें वर्षभर त्यांनीं न्यूयॉर्क प्रांतांतील काळ्या मुलांच्या एका अनाथाश्रमाचा कारभार पाहिला. 1920 सालीं अमेरिकेंत स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, तेव्हां पंचाहत्तरी गांठलेल्या मेरीबाई बोस्टनमध्यें नांव नोंदविणाऱ्या पहिल्या स्त्रियांत होत्या.

4 जानेवारी 1926 रोजीं स्तनाच्या कर्करोगानें त्या वारल्या. 1936 सालीं परिचारिकांच्या त्या संघानें त्यांच्या नांवें एक पारितोषिक ठेविलें. त्यांचें थडगें बोस्टनजवळ एव्हरेट येथें आहे. 1973 सालीं परिचारिकांनींच वर्गणी करून तेथें स्मारकशिला बसविली.