आर्थर अॅश : गुणवत्तेच्या बंद दारापुढचा माणूस

पुरुषांच्या टेनिसमध्ये सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद गेली अनेक वर्षे जगभर रंगतो आहे. रॉजर फेडरर यांची ग्रँड स्लॅम विजेतेपदे २०, राफेल नदाल यांची २२ आणि नोव्हाक जोकोविच यांची २०२३ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेपर्यंत २४. आकडे मांडायचे, तुलना करायची आणि मोठ्या आकड्याच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा, अशी ही रीत आहे. या तिघांच्या कर्तृत्वाबद्दल कोणाचाच वाद नाही. आमचा आक्षेप मोजण्याच्या रीतीला आहे. स्पर्धेचे दार सर्वांना उघडे होते, असे गृहीत धरूनच ही मोजदाद होते.

ते गृहीतक किती पोकळ आहे, हे रॉड लेव्हर यांच्या उदाहरणावरून कळते. एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकण्याचा पराक्रम त्यांनी १९६२ आणि १९६९ असा दोनदा केला. त्यांच्या नावावर ११ विजेतेपदे आहेत. परंतु पैसे घेऊन खेळणारा व्यावसायिक झाला म्हणून १९६३ ते १९६७ अशी पाच वर्षे त्यांना या स्पर्धांत पाऊलही ठेवता आले नाही. तब्बल वीस स्पर्धा हुकल्या. नियमाने अडवलेल्या गोऱ्या खेळाडूची ही कथा असेल, तर कातडीच्या रंगाने अडवलेल्यांची काय असेल? त्याचे उत्तर आर्थर अॅश यांच्या जीवनात आहे. त्यांची एकेरीची ग्रँड स्लॅम विजेतेपदे फक्त तीन. मोजणाऱ्यांच्या वहीत ते फार खाली सापडतात. म्हणूनच त्यांचे चरित्र चळवळीच्या वाचकांनी वाचले पाहिजे.

अॅश यांचा जन्म १० जुलै १९४३ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात झाला. हे शहर म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडील राज्यांची यादवी युद्धातली राजधानी. तिथल्या मॉन्युमेंट अॅव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतींचे पुतळे डौलाने उभे होते. वडील कृष्णवर्णीयांसाठी राखून ठेवलेल्या ब्रूक फील्ड या उद्यानाचे रखवालदार होते आणि घरही उद्यानातच होते. आर्थर सहा वर्षांचे असताना आई वारली. दारातच टेनिसची कोर्टे होती आणि अंगाने काटकुळा हा मुलगा तिथेच रॅकेट धरायला शिकला. रॉन चॅरिटी नावाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थी खेळाडूने त्याला पहिले धडे दिले.

त्याच शहरात बर्ड पार्कची कोर्टे होती. ती गोऱ्यांची होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ च्या प्लेसी खटल्यात वेगळे ठेवले तरी समानता भंगत नाही, असा अजब न्याय दिला होता. त्या न्यायाच्या सावलीत दक्षिणेतील शाळा, बसगाड्या, पाण्याचे नळ आणि क्रीडांगणेही वाटली गेली होती. १९५४ च्या ब्राऊन खटल्याने शाळांपुरता तो न्याय मोडीत काढला, तेव्हा व्हर्जिनियाच्या राज्यकर्त्यांनी निकालाला उघड विरोध आरंभला. कायद्याने हक्क मान्य करणे आणि तो हक्क माणसाच्या हाती पडणे यांत किती अंतर असते, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

टेनिस संघटनेचीही तीच तऱ्हा होती. गोऱ्यांच्या संघटनेने १९२९ मध्ये रेजिनाल्ड वीर आणि जेराल्ड नॉर्मन या कृष्णवर्णीय तरुणांचे स्पर्धेचे अर्ज केवळ वर्णावरून नाकारले होते. मात्र कृष्णवर्णीय समाज हात बांधून बसला नव्हता. त्याने १९१६ मध्येच अमेरिकन टेनिस असोसिएशन ही स्वतःची संघटना उभारून स्वतःच्या स्पर्धा सुरू केल्या होत्या. या समाजातले डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन हे व्यवसायाने वैद्य. लिंचबर्ग येथील आपल्या घराच्या आवारातील कोर्टवर ते दर उन्हाळ्यात मुलांना शिकवीत. पुढे १९५७ आणि १९५८ मध्ये विम्बल्डन जिंकणाऱ्या आल्थिया गिब्सन यांना त्यांनीच आधार दिला होता. दहा वर्षांचे अॅश १९५३ मध्ये त्यांच्याकडे दाखल झाले.

डॉ. जॉन्सन यांची शिस्त कडक होती. चेंडू रेषेच्या जरासा बाहेर पडला तरी तो आतच समजून परतवायचा. पंचाशी वाद घालायचा नाही. रॅकेट आपटायची नाही. गोऱ्यांना आपल्या मुलांना स्पर्धेबाहेर काढायला निमित्त हवे आहे आणि ते द्यायचे नाही, हा त्यामागचा हिशेब होता. म्हणजे गोरा मुलगा फक्त प्रतिस्पर्ध्याशी खेळत होता, तर कृष्णवर्णीय मुलगा प्रतिस्पर्धी, पंच, प्रेक्षक आणि संपूर्ण व्यवस्था यांच्याशी एकाच वेळी खेळत होता. दोघांचे गुण मात्र एकाच फलकावर लागत. हा जादा भार मोजण्याचे कोष्टक अजून कोणी काढलेले नाही.

रिचमंडमधील बंदिस्त कोर्टे कृष्णवर्णीयांना बंद होती. त्यामुळे हिवाळ्यात सराव थांबे आणि गोरी मुले पुढे निघून जात. अखेर १९६० मध्ये अॅश यांना शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी घर सोडून सेंट लुईस येथे जावे लागले. तिथे लाकडी जमिनीच्या बंदिस्त कोर्टवर त्यांची वेगवान सर्व्हिस घडली. पुढे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. १९६३ मध्ये डेव्हिस चषकाच्या अमेरिकी संघात निवड झालेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. १९६६ मध्ये ते पदवीधर झाले आणि मग लष्करात अधिकारी म्हणून दाखल झाले.

१९६८ च्या एप्रिलमध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही खुली असलेली पहिली अमेरिकन स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात अॅश यांनी हॉलंडच्या टॉम ओक्कर यांना पाच सेटमध्ये हरवले. पण अॅश हौशी खेळाडू म्हणून नोंदलेले असल्याने बक्षिसाचे १४ हजार डॉलर हरलेल्या ओक्कर यांना मिळाले आणि विजेत्याच्या हाती पडला तो दिवसाला २० डॉलर भत्ता. १९७० मध्ये अॅश यांनी ऑस्ट्रेलियन स्पर्धाही जिंकली.

सर्वांत मोठा सामना ५ जुलै १९७५ रोजी विम्बल्डनच्या मैदानावर झाला. समोर होते २२ वर्षांचे जिमी कॉनर्स. त्यांनी १९७४ मध्ये तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या. अॅश ३२ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. शिवाय अॅश खेळाडूंच्या व्यावसायिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि कॉनर्स यांनी त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला होता. कॉनर्स यांची ताकद अशी, की प्रतिस्पर्ध्याच्या वेगावरच ते दुप्पट वेगाने फटका मारीत. अॅश यांनी तो वेगच देण्याचे नाकारले. मंद आणि खालून जाणारे चेंडू, कोर्टबाहेर ओढून नेणारी सर्व्हिस, डोक्यावरून लॉब. ज्या वेगवान खेळावर अॅश यांचे नाव झाले होते, तो त्या दिवशी त्यांनी बाजूला ठेवला. पहिले दोन सेट ६-१, ६-१ असे संपले, तिसरा कॉनर्स यांनी घेतला आणि चौथा अॅश यांनी ६-४ असा जिंकला. त्या वर्षाअखेर संगणकीय क्रमवारीत कॉनर्स पहिले होते. अनेक टेनिस लेखकांनी मात्र पहिला क्रमांक अॅश यांना दिला. मोठे कोण, हा वाद तेव्हाही आकड्यांनी मिटला नव्हता.

आता दक्षिण आफ्रिकेकडे वळू. तिथल्या वर्णद्वेषी सरकारने अॅश यांना १९६९ आणि १९७० मध्ये व्हिसा नाकारला. १९७३ मध्ये तो मिळाला, तेव्हा आपल्या सामन्यांना प्रेक्षकांची वर्णानुसार विभागणी असता कामा नये, अशी अट घालून ते गेले. एकेरीत ते कॉनर्स यांच्याकडून अंतिम सामन्यात हरले, तर दुहेरी ओक्कर यांच्या साथीने जिंकले. या दौऱ्याबद्दल त्यांच्यावर कडक टीका झाली. तुम्ही वर्णद्वेषी राजवटीला प्रतिष्ठा देता, असे त्यांच्याच समाजातील कार्यकर्ते बजावत होते. व्यवस्थेच्या आत जाऊन बदल करायचा की बहिष्कार घालायचा, हा प्रश्न प्रत्येक चळवळीपुढे येतो. पुढे अॅश स्वतः बहिष्काराच्या बाजूला आले. १९८३ मध्ये हॅरी बेलाफाँटे यांच्यासह त्यांनी कलावंत आणि खेळाडूंची वर्णद्वेषविरोधी संघटना उभी केली आणि १९८५ मध्ये वॉशिंग्टनच्या दक्षिण आफ्रिकी दूतावासापुढे निदर्शने करताना अटक करवून घेतली.

येथे भारताचा उल्लेख आवश्यक आहे. १९७४ मध्ये पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णद्वेषाच्या निषेधार्थ भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळता दक्षिण आफ्रिकेला गेला. विजेत्यांच्या यादीत आजही दक्षिण आफ्रिकेपुढे एक आहे आणि भारतापुढे शून्य. कोणता आकडा मोठा, हे वाचकांनीच ठरवावे. त्या नकाराचा अभिमान बाळगावा. पण त्याच १९७४ च्या जानेवारीत मुंबईत वरळीची दंगल पेटली होती आणि मोर्चावरील दगडफेकीत दलित पँथरचे भागवत जाधव शहीद झाले होते, हेही विसरू नये. दूरच्या वर्णद्वेषाला नकार देणाऱ्या देशाने घरच्या जातिद्वेषाला तसा नकार दिला नाही.

१९७९ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने अॅश यांची कारकीर्द संपवली. १९८१ आणि १९८२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेने डेव्हिस चषक जिंकला. तेव्हा ते न खेळणारे कर्णधार होते. कृष्णवर्णीय खेळाडूंवर महाविद्यालयात शिकवू लागल्यावर पुरेसा इतिहासच लिहिलेला नाही, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी संशोधकांना हाताशी घेऊन तीन खंडांचा इतिहास सिद्ध केला. तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची नोंद दुसरे घेत नाहीत त्यांनी आपला इतिहास आपणच लिहायचा असतो, हे फुले-आंबेडकरी परंपरेला ठाऊकच आहे. खेळाडू विद्यार्थ्यांना अभ्यासाची किमान अट असावी, असेही त्यांनी १९८९ च्या सुमारास ठामपणे मांडले. अशी अट गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या मुळावर येईल, हा विरोधकांचा मुद्दा बिनतोड होता. तरीही केवळ मैदानाच्या भरवशावर समाज उभा राहत नाही, ही अॅश यांची भीती खोटी नव्हती.

१९८३ च्या दुसऱ्या हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून त्यांना एचआयव्हीची लागण झाली. १९८८ मध्ये ती उघडकीस आली. एका वृत्तपत्राच्या चौकशीमुळे एप्रिल १९९२ मध्ये त्यांना ते जाहीर करावे लागले. त्यानंतर उरलेले दिवस त्यांनी एड्सविषयीच्या जागृतीला दिले. सप्टेंबर १९९२ मध्ये हैतीच्या निर्वासितांना परत पाठवण्याच्या धोरणाविरुद्ध व्हाइट हाउससमोर आंदोलन करताना त्यांना पुन्हा अटक झाली. ६ फेब्रुवारी १९९३ रोजी ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९९६ मध्ये रिचमंडच्या त्याच मॉन्युमेंट अॅव्हेन्यूवर, मुलांमध्ये उभे असलेल्या, हातात पुस्तके आणि रॅकेट घेतलेल्या अॅश यांचा पुतळा बसवला गेला. २०२० आणि २०२१ मध्ये तिथल्या सेनापतींचे पुतळे एकेक करून उतरवण्यात आले. अॅश यांचा पुतळा उभा आहे.

२०२४ अखेरपर्यंत पुरुष एकेरीत विम्बल्डन जिंकणारे अॅश हे एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू होते. प्रस्थापित या वस्तुस्थितीतून इतरांत गुणवत्ता नव्हती, असा निष्कर्ष काढतील. आरक्षणाच्या प्रत्येक वादात आपल्यापुढे हाच युक्तिवाद येतो. त्याला उत्तर देताना गुणांची यादी पाहण्याआधी दाराची तारीख विचारा. ते कोणाला कधी उघडले, किती पिढ्यांनी उघडले आणि उघडताना कोणी अडवले, याचा हिशेब आधी झाला पाहिजे. तो हिशेब न करता जाहीर होणारी श्रेष्ठता हा एकतर्फी निकाल आहे. त्यावर अपील करण्याचा हक्क आपण कदापि सोडता कामा नये.