स्वयंपाकघराची नावड असलेला आचारी : ब्रदर लॉरेन्स

सतराव्या शतकाच्या मध्यास पॅरिस शहरातील व्होजिरार रस्त्यावरच्या अनवाणी कार्मेलवासी मठात शंभराच्या आसपास व्रतस्थ राहत होते. त्या सर्वांच्या जेवणाची जबाबदारी ज्याच्यावर होती, तो आचारी बोजड अंगाचा, एका पायाने अधू आणि हाताने धांदरट होता. मुख्य म्हणजे स्वयंपाकघरातील कामाचा त्याला उपजतच तिटकारा होता. त्या नावडत्या कामात त्याच्या आयुष्याची पंधरा वर्षे गेली, आणि आज जगभरच्या ख्रिस्ती घरांत त्याचे नाव घेतले जाते ते प्रामुख्याने त्या पंधरा वर्षांमुळेच. ब्रदर लॉरेन्स हे ते नाव.

त्याचे मूळ नाव निकोलस हर्मन. आजच्या फ्रान्सच्या पूर्वेला असलेल्या लोरेन प्रांतात, लुनेव्हिल नगराजवळील एरिमेनिल या खेड्यात १६१४ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. आईवडील धर्मनिष्ठ होते, घरची परिस्थिती बेताची होती, आणि शिक्षण फारसे मिळाले नाही. वयाच्या अठराव्या वर्षी, हिवाळ्यात, पाने झडलेले एक झाड त्याच्या दृष्टीस पडले. थोड्याच दिवसांत या उघड्या फांद्यांना पालवी फुटेल, मग फुले येतील, फळे धरतील, या विचाराने तो भारावून गेला आणि परमेश्वराच्या सामर्थ्याचा जो ठसा त्या क्षणी त्याच्या मनावर उमटला, तो पुढे कधीच पुसला गेला नाही. मात्र यानंतर लगेच तो मठात गेला, असे समजू नये. तो गेला सैन्यात. युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटलेले होते आणि लोरेनची भूमी सर्वच पक्षांच्या सैन्यांच्या पायांखाली तुडवली जात होती. जर्मन सैनिकांनी त्याला हेर समजून पकडले, फाशीची धमकी दिली, आणि त्याचा निर्भयपणा पाहून सोडून दिले. पुढे १६३५ साली स्वीडनच्या सैन्याने रांबेरव्हिलेर या गावावर हल्ला केला, त्यात तो जखमी झाला आणि आईवडिलांच्या घरी परतला. त्या जखमेने दिलेले लंगडेपण आयुष्यभर त्याची सोबत करणार होते.

युद्धातील आपल्या वर्तनाचा त्याला पश्चात्ताप होत होता. काही काळ त्याने एकांतवासी संन्याशाचे जीवन जगून पाहिले, पण मनाची स्थिती दिवसागणिक बदलत राहिली व तो मार्ग त्याला मानवला नाही. मग तो पॅरिसला आला आणि राजाच्या खजिन्याचे अधिकारी असलेल्या फ्यूबे नावाच्या गृहस्थांच्या घरी चाकर म्हणून राहिला. श्रीमंतांच्या घरी चाकराची हालचाल सफाईची असावी लागते. निकोलस मात्र हाती येईल ती वस्तू फोडत असे. ही आठवण त्याने स्वतःच पुढे मोकळेपणाने सांगितली.

१६४० साली त्याने व्होजिरारच्या मठाचे दार ठोठावले. आपल्या धांदरटपणाची तेथे चांगली शिक्षा मिळेल, आपले सुख व आपले जीवन देवाला अर्पण करून चुकांची भरपाई होईल, अशी त्याची अटकळ होती. देवाने आपली या बाबतीत निराशा केली, येथे आपल्याला समाधानच मिळाले, असे तो नंतर गमतीने सांगत असे. १४ ऑगस्ट १६४२ रोजी त्याने अंतिम व्रते घेतली. आता तो पुनरुत्थानाचा ब्रदर लॉरेन्स झाला.

येथे त्या काळाची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. मठात दोन वर्ग असत. ज्यांना लॅटिन येत असे ते धर्मगुरू होत, अध्ययन करीत, गायनवृंदात बसून प्रार्थनातास म्हणत. ज्यांचे शिक्षण झालेले नसे ते ब्रदर म्हणून राहत आणि त्यांच्या वाट्याला स्वयंपाक, झाडलोट, बागकाम, दुरुस्ती ही कामे येत. हे विभाजन ख्रिस्तसभेत शतकानुशतके चालले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली व्रतस्थ जीवनाविषयीच्या आदेशपत्रात ब्रदरांना समुदायाच्या जीवनात अधिक जवळून सामावून घेण्याची सूचना केली, तेव्हा कुठे ते विरघळू लागले. लॉरेन्स यांना स्वयंपाकघर मिळाले ते त्यांना रांधता येत होते म्हणून नव्हे, किंवा त्यांनी मागितले म्हणूनही नव्हे. आज्ञा झाली आणि ते गेले.

कार्मेल संघाच्या नियमानुसार आजारी व अशक्त वगळता कोणी मांस खात नसे. सप्टेंबरमधील पवित्र क्रूसाच्या उत्सवापासून पास्काच्या सणापर्यंत उपवास असे. म्हणजे एवढ्या माणसांचे रोजचे जेवण भाज्या, डाळी, मासे व अंडी यांवर भागवायचे, तेही चुलीच्या धगीत आणि घंटेच्या ठोक्याला. पाणी भरणे, लाकूड आणणे, पातेली घासणे हे संपत नाही. एकाच वेळी चार जण चार वस्तू मागत असतात. घरकामाची खरी अडचण त्याच्या कष्टात नाही, ती त्याच्या न संपण्यात आहे. शेत नांगरले की नांगरलेले दिसते, पुस्तक लिहिले की हातात धरता येते. घासलेले पातेले मात्र संध्याकाळी पुन्हा खरकटेच असते.

ब्रदर लॉरेन्स यांच्याविषयी जे लिहिले व बोलले जाते, त्यात एक घाई असते. ते पहिल्या दिवसापासून भांड्यांच्या गराड्यात प्रसन्न होते, असे चित्र रंगवले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. मठातील पहिली दहा वर्षे त्यांनी आंतरिक यातनांत काढली. आपण देवाच्या योग्यतेचे नाही, आपली पापे सतत डोळ्यांसमोर उभी आहेत, या भावनेने ते पोळत होते. त्यांतली चार वर्षे तर आपला नाश अटळ आहे, अशी त्यांची खात्रीच झाली होती. ठरावीक वेळी बसून करावयाच्या मननप्रार्थनेत त्यांचे मन भरकटत असे आणि ते आवरण्यातच वेळ संपून जाई. असा मनुष्य रोज पहाटे उठून न आवडणाऱ्या चुलीपाशी जात होता.

त्यांतून बाहेर येताना त्यांनी जे केले ते अगदी साधे होते. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांमधली भिंत त्यांनी मानणे सोडून दिले. काम हाती घेण्यापूर्वी ते देवाशी दोन शब्द बोलत : हे काम तुझ्या इच्छेने आले आहे, तेव्हा ते करण्याची कृपाही तूच दे. मग ते कामाला लागत आणि पूर्ण लक्ष त्या कामातच देत. काम करताना अधूनमधून ते मनातल्या मनात त्याच्याशी बोलत. काम संपले की कसे झाले ते पाहत. चांगले झाले असेल तर आभार मानत, बिघडले असेल तर क्षमा मागत आणि पुढच्या कामाला लागत. बिघडलेल्या कामाचा खल करीत ते बसत नसत. मला वाटते, त्यांच्या पद्धतीतला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. नावडते काम आपल्याला दमवते त्याहून अधिक ते लांबणीवर टाकण्याची आणि नंतर त्याबद्दल स्वतःला बोल लावण्याची सवय दमवते.

तव्यावरचे अंड्याचे धिरडे देवावरील प्रेमाखातर उलटायचे, आणि दुसरे काही करण्यासारखे नसेल तर जमिनीवरची एक काडी उचलायची तीही त्याच प्रेमाखातर, अशी त्यांची वृत्ती होती. ते घाई करीत नसत आणि रेंगाळतही नसत. एकामागून एक काम शांतपणे उरकत. स्वयंपाकघरातील गोंगाटात आपण पवित्र साक्रामेंतापुढे गुडघे टेकून असतो तितकेच देवाजवळ असतो, असे त्यांचे सांगणे होते. या सरावाने पंधरा वर्षांत ते काम त्यांना सोपे झाले. सोपे झाले, एवढेच त्यांनी म्हटले आहे. ते आवडीचे झाले, असे त्यांनी म्हटल्याचे माझ्या तरी वाचनात नाही, आणि या फरकाकडे आपण लक्ष द्यावे.

संतांच्या महाराष्ट्रात हे सर्वस्वी अनोळखी नाही. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंना दळण-कांडणात विठ्ठलाची सोबत होती, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आविलाच्या संत तेरेजा, ज्यांच्या सुधारणेतून लॉरेन्स यांचा संघ उभा राहिला, त्यांनीही आपल्या भगिनींना प्रभू स्वयंपाकघरातील भांड्यांमध्येही वावरतो, असे शिकवले होते.

तथापि, येथे मला थोडी कबुली द्यावीशी वाटते. माझ्यापुढे दोन वेळचे ताट तयार येते. सेमिनरीत असताना आठवड्याच्या श्रमदानात भांडी घासण्याची पाळी आली की ग्रंथालयात महत्त्वाचे काम आठवणाऱ्यांपैकी मी एक होतो. अशा माणसाने व्यासपीठावरून ब्रदर लॉरेन्स यांचा दाखला देऊन घरातील स्त्रियांना कामात समाधान मानण्यास सांगावे, हे शोभत नाही. मी ते पूर्वी सांगितले आहे. एकदा मिस्सेनंतर एका भगिनीने मला शांतपणे विचारले की, सकाळी डबे भरून नोकरीला जायचे आणि गर्दीच्या लोकलने रात्री परत येऊन पुन्हा चुलीपुढे उभे राहायचे, यात देवाशी बोलायला श्वास तरी कुठे उरतो? मजजवळ उत्तर नव्हते. पुढे लॉरेन्स यांचे चरित्र पुन्हा वाचले तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक तर त्यांनी कामांच्या यादीत आणखी एका भक्तीची भर घातली नाही. वेगळे जप, वेगळ्या साधना यांचे ओझे त्यांनी कमीच केले. दुसरी गोष्ट म्हणजे तो आचारी पुरुष होता, आणि भोवतालच्या पुरुषांना रांधून वाढताना आपण काही उपकार करीत आहोत, अशी त्याची समजूत नव्हती.

स्वयंपाकघराबाहेरची कामेही त्यांच्यावर पडत. मठासाठी द्राक्षारस खरेदी करण्यास त्यांना एकदा ओव्हेर्न्य प्रांतात आणि पुढे बर्गंडीत पाठवण्यात आले. व्यवहाराची त्यांना जाण नव्हती आणि पाय तर अधूच. नावेत उभे राहून चालता येईना, म्हणून पिंपांवरून सरपटत, लोळत त्यांनी इकडून तिकडे जाण्याची सोय केली. त्यांनी देवाला एवढेच सांगितले की हा तुझाच व्यवहार आहे, आणि निघाले. खरेदी ठीक झाली. कशी झाली ते त्यांनाही सांगता आले नाही.

पायाचे दुखणे वाढल्यावर त्यांना स्वयंपाकघरातून हलवून चपला शिवण्याच्या व दुरुस्तीच्या कामावर बसवण्यात आले. अनवाणी म्हणवणारे हे व्रतस्थ साध्या चपला वापरत, त्यामुळे हेही काम कधी संपणारे नव्हते. मात्र ते त्यांना आवडले. बदली झाली तर हेही सोडण्याची आपली तयारी आहे, असे ते म्हणत.

३ ऑगस्ट १६६६ रोजी जोसेफ द बोफोर नावाचे धर्मगुरू त्यांना प्रथम भेटले. पुढे व्हिकर जनरल झालेल्या या विद्वान गृहस्थांना लॉरेन्स यांनी स्पष्ट सांगितले की, मनापासून देवाची सेवा करावयाची असेल तर हवे तितक्यांदा यावे, नाहीतर पुन्हा येऊ नये. बोफोर आले आणि त्यांनी चार भेटींतील संभाषणे टिपून ठेवली. व्रतस्थ भगिनी व प्रापंचिक माणसे पत्रे पाठवून सल्ला विचारू लागली. कांब्रेचे पुढे आर्चबिशप झालेले फेनेलाँ यांनी आजारी लॉरेन्स यांची भेट घेतली होती. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी, वयाच्या सत्त्याहत्तरीच्या आसपास, ब्रदर लॉरेन्स प्रभूच्या घरी गेले.

बोफोर यांनी १६९२ व १६९४ साली त्यांचे लेखन व चरित्र प्रसिद्ध केले. नंतरचा इतिहास काहीसा विचित्र आहे. फेनेलाँ यांच्या एका ग्रंथातील २३ विधाने १६९९ साली रोमने अमान्य केली. त्या वादात लॉरेन्स यांचा आधार घेतला गेल्याने फ्रान्सच्या कॅथलिक वर्तुळात त्यांच्या नावाभोवतीही शंकेचे सावट आले, आणि त्यांना वाचत राहिले ते अधिककरून प्रॉटेस्टंट बंधू-भगिनी. जॉन वेस्ली यांनी त्यांचे उतारे आपल्या ग्रंथमालेत घेतले. लॉरेन्स यांना संतपद मिळालेले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये लेबननहून परतताना विमानात पत्रकारांनी पोप लिओ चौदावे यांना, आपल्याला समजून घ्यायचे तर काय वाचावे, असे विचारले, तेव्हा संत ऑगस्टीनखेरीज त्यांनी ज्या पुस्तकाचे नाव घेतले ते ब्रदर लॉरेन्स यांचे होते. ज्यांच्या नावावर ते छापले जाते त्यांनी पुस्तक असे कधी लिहिलेच नव्हते. सोळा पत्रे, कागदपत्रांत सापडलेली काही सूत्रे आणि बोफोर यांची चार टिपणे, एवढाच तो ऐवज आहे. तासाभरात वाचून होतो.