लाल औषध आणि डोमाक

वर्कशॉपमध्ये फायलिंग करताना बोटात लोखंडाची कूस घुसली तर आपण ती उपटतो, डेटॉल लावतो आणि मेसला जेवायला पळतो. पण १९३५ च्या आधी एवढ्याशा जखमेनेही माणूस दगावत असे. हे चित्र बदलायला सुरुवात केली ती गेरहार्ड डोमाक यांनी.

डोमाक १८९५ साली जर्मनीत जन्मले. मेडिकलला नुकतेच लागले होते, तोच १९१४ चं महायुद्ध सुरू झालं. ते सैन्यात गेले, जखमी झाले आणि नंतर जखमी सैनिकांची शुश्रूषा करू लागले. ऑपरेशन नीट होऊनही जखम सडून सैनिक मरत, हे त्यांनी जवळून पाहिलं.

१९२७ मध्ये ते एल्बरफेल्डला बायरच्या लॅबमध्ये आले. क्लारर आणि मीच हे केमिस्ट रंग बनवायचे आणि डोमाक ते उंदरांवर तपासायचे. डिसेंबर १९३२ मध्ये एका लाल रंगाने कमाल केली. स्ट्रेप्टोकोकस टोचलेले उंदीर चक्क जगले! गंमत म्हणजे टेस्ट ट्यूबमध्ये हाच रंग जंतूंना काहीच करत नव्हता. नाव पडलं प्रोंटोसिल.

आणि मग परीक्षा घरातच आली. १९३५ च्या डिसेंबरात त्यांच्या सहा वर्षांच्या हिल्डेगार्डच्या हातात सुई घुसून तुटली. सुई काढली, पण हात सुजला, ताप चढला. पुन्हा पुन्हा चीर देऊन पू काढला तरी उतार नाही. हात कापायची भाषा सुरू झाली. डोमाकनी जखमेतला पू लॅबमध्ये नेऊन तपासला, तर तोच स्ट्रेप्टोकोकस! मग बापानेच लेकीला प्रोंटोसिल दिलं. मुलगी वाचली, हातही वाचला. उंदरांना डोस देणं वेगळं आणि स्वतःच्या पोरीला देणं वेगळं, नाही का?

त्याच सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने शोधलं की लाल रंगाचा काही उपयोगच नाही. शरीरात तो तुटतो आणि त्यातून निघणारं बिनरंगी सल्फानिलामाइड काम करतं. ते १९०८ पासून माहीत होतं आणि त्याचं पेटंटही संपलेलं. कंपनीचे चेहरे बघण्यासारखे झाले असणार!

१९३९ चं नोबेल डोमाकना जाहीर झालं, पण हिटलरने जर्मनांना ते घ्यायला बंदी केली होती. गेस्टापोने त्यांना काही दिवस कोठडीत ठेवलं आणि नकाराच्या पत्रावर सही करायला लावली. १९४७ मध्ये पदक मिळालं, पैसे मात्र मुदत संपल्याने गेले. डोमाक तोवर टीबीच्या औषधाच्या मागे लागले होते. १९६४ साली ते वारले.