इंदूरचा उकिरडा

गेल्या पोळ्याला आमच्या गोठ्यात बैल नव्हते. त्याआधीच चैत्रात बापूंनी शेवटची जोडी बाजारात नेऊन विकली होती. दावणीला राहिली एक म्हैस आणि एक भाकड गाय. दिवाळीनंतर गोठ्यामागचा उकिरड्याचा खड्डा मुरूम टाकून बुजवायचा आणि तेथे ट्रॅक्टरसाठी पत्र्याची शेड बांधायची, असे बापूंनी जाहीर केले. आबा त्यावर काहीच बोलले नाहीत. फक्त रोज सकाळी चहा झाला की त्या खड्ड्याच्या काठावर जाऊन बसू लागले. घरातल्या दोन पिढ्यांचे असे अबोल भांडण सुरू झाले की तिसऱ्या पिढीचे फार हाल होतात.

दिवाळीच्या सुटीत मी आत्याकडे इंदूरला गेले. एका संध्याकाळी कृषी महाविद्यालयावरून जाताना आत्याचे यजमान सहज म्हणाले की, उकिरड्याचे शास्त्र जगाला शिकवणारा साहेब याच आवारात राहत होता. मला हसू आले. उकिरड्याचे कसले शास्त्र? पण घरचा खड्डा डोक्यात होता, म्हणून परत आल्यावर ग्रंथालयात शोध घेतला आणि पुढचे काही दिवस त्या साहेबातच गुंतून राहिले. मी इतिहासाची विद्यार्थिनी. राजे, लढाया आणि तह यांच्यापलीकडे शेणामातीलाही इतिहास असतो, हे तेव्हा प्रथमच कळले.

साहेबांचे नाव अल्बर्ट हॉवर्ड. जन्म १८७३ सालचा, इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात, शेतकऱ्याच्या घरी. केंब्रिजला शिकून ते १८९९ साली वेस्ट इंडीजला गेले आणि तेथे उसाच्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करू लागले. तेथेच त्यांना एक गोष्ट बोचू लागली. शेतकऱ्यांना उपाय सांगायचे, पण ते करून पाहायला स्वतःपाशी वीतभर जमीन नाही. रोग काचेखाली पाहायचा आणि पीक मात्र दुसऱ्याचे! ही बोच त्यांना जन्मभर पुरली.

१९०५ साली ते हिंदुस्थानात आले. बिहारमधील पुसा येथे सरकारने नुकतीच कृषिसंशोधन संस्था काढली होती. तेथे वनस्पतितज्ज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचे गॅब्रिएल मथाई या विदुषीशी लग्न झाले. ही बाई नुसती साहेबाची मडम नव्हती. हिरवी पाने सूर्यप्रकाशात अन्न कसे तयार करतात, यावर केंब्रिजला तिने स्वतः संशोधन केले होते. पुढची पंचवीस वर्षे नवरा-बायकोने जे केले ते जोडीने केले, आणि कोणता शोध कोणाचा हे वेगळे काढणे कठीण आहे. असे असूनही नाव मात्र एकट्याचे झाले. ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

पुसाला त्यांना ७५ एकर जमीन मिळाली. गव्हाच्या नव्या जाती त्यांनी निवडल्या. त्यांतल्या ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ खूप नावाजल्या. पण मला थांबावेसे वाटले ते वेगळ्याच जागी. शिकवायला आलेला हा माणूस बांधावर उभा राहून आसपासच्या शेतकऱ्यांची पिके न्याहाळू लागला. त्यांच्या शेतात औषधे नव्हती, विकतची खते नव्हती, तरी पिकांवर कीड तुलनेने कमी दिसे. एकाच वावरात धान्याबरोबर कडधान्य पेरलेले असे. हा अडाण्यांचा गोंधळ नसून त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे, हे त्यांनी ओळखले. द्विदल पिकाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत धरतात, हे विज्ञानाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळले. बिहारचा शेतकरी कारण न जाणता हे करीतच आला होता. आपण रयतेला आणि किडीला गुरू केले, असे हॉवर्डसाहेब पुढे उघडपणे मान्य करीत. त्या काळच्या सरकारी अधिकाऱ्याने हे मान्य करावे, याला मोठे मन लागते.

हे वाचताना मला आबांची दादर आठवली. दादरीत तुरीच्या ओळी, मधे मूग-चवळी, कडेला अंबाडी; बांधावर निंब, बाभूळ आणि दोन बोरी. आज त्या वावरात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त कपाशी असते. बांध अरुंद झाला, बोरी गेल्या आणि बोरींबरोबर त्यांच्यावर खोपे करणारी पाखरेही गेली. हॉवर्डांनी पुसाला फळझाडांची मुळे पार खोलवर उकरून पाहिली होती. वरच्या थरातली मुळे वेगळी, खाली ओलाव्याच्या शोधात जाणारी वेगळी. खालची मुळे खोल मातीतले क्षार वर आणतात आणि पानगळीतून ते पुन्हा शेताला मिळतात, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे बांधावरचा निंब नुसता सावलीचा धनी नव्हता!

पुसाला एक अडचण होती. तेथे पिकाचे तुकडे पाडले होते. बुरशी एका खात्याकडे, किडे दुसऱ्याकडे, माती तिसऱ्याकडे. मुळापासून दाण्यापर्यंत सारे झाड एकत्र पाहायचे कोणी? अखेर १९२४ साली होळकर दरबाराने इंदूरला ३०० एकर जमीन दिली, मध्य हिंदुस्थानातली संस्थाने आणि कापूस समिती यांनी पैसा उभा केला, आणि हॉवर्ड दांपत्य माळव्याच्या काळ्या मातीत येऊन राहिले.

आणि येथे आला उकिरडा. आपल्याकडचे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाते, पऱ्हाट्याही जळतात आणि जमीन उपाशी राहते, हे त्यांना दिसत होते. चीनमधले शेतकरी काडीकचरा कुजवून शेकडो वर्षे जमीन कशी सांभाळत आले, हेही त्यांनी वाचले होते. त्यावरून इंदूरला त्यांनी पद्धत बसवली. ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल खड्डा. त्यात पालापाचोळा व धसकटे यांचा थर, त्यावर शेण, मग गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि चुलीची राख. वर पाणी, पण बेताचे. कारण आतल्या जिवांना ओल लागते तशी हवाही लागते. पहिली उलथापालथ पंधरवड्याच्या सुमारास, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार. पऱ्हाट्या कडक, लवकर कुजत नाहीत. तर त्या रस्त्यावर पसरून ठेवायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी चिरडून घ्यायच्या! ही युक्ती वाचून मी ग्रंथालयात मोठ्याने हसले आणि ग्रंथपालांचा रोष ओढवून घेतला.

या कामात रसायनशास्त्राची बाजू यशवंत वाड यांनी सांभाळली. १९३१ साली निघालेल्या पुस्तकावर हॉवर्डांच्या जोडीला हे मराठी नाव छापलेले आहे. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणणाऱ्या किती जणांना वाड ठाऊक आहेत?

संस्थेतल्या मजुरांना वेळेवर पगार, कामाचे कमी तास आणि पुरती विश्रांती असे. जमिनीकडून घ्यायचे तसे तिला द्यायचेही, हा हिशेब साहेबांनी माणसांनाही लावला होता.

१९३० साली गॅब्रिएल वारली. पुढच्याच वर्षी साहेबांनी हिंदुस्थान सोडला. तिची बहीण लुईझ हिच्याशी त्यांनी लग्न केले. तिनेच पुढे १९५३ साली त्यांच्या हिंदुस्थानातल्या कामाची हकीकत लिहिली. १९३४ साली ते ‘सर’ झाले. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले गांधीजी ते खड्डे पाहून गेले. १९४० साली हॉवर्डांचा मुख्य ग्रंथ निघाला, तो त्यांनी गॅब्रिएलच्या स्मृतीला अर्पण केला. ऑक्टोबर १९४७ मध्ये ते वारले.

उत्तरायुष्यात मात्र त्यांचा सूर चढला. पिकांचे, गुरांचे आणि माणसांचे बहुतेक रोग रासायनिक खतांपासून येतात, इथवर ते गेले. पुसाला आपले बैल लाळ्या-खुरकूत झालेल्या गुरांना नाक लावीत, तरी त्यांना रोग झाला नाही, याचे श्रेय ते सकस चाऱ्याला देत. मला हे पटत नाही. आज कोणताही गुरांचा डॉक्टर एवढ्यावर विसंबून लस टाळू देणार नाही. आणि आमच्याच घराचा इतिहास त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. १९७२ चा दुष्काळ आबांनी भर तारुण्यात सोसला. त्यानंतर गावात हायब्रीड ज्वारी आणि युरियाची पिशवी पहिल्यांदा आणली ती आबांनीच, आणि त्या ज्वारीवर आमचे घर जगले. पण त्याच युरियाने माती दगडासारखी झाली, हेही तेच सांगतात. गांडूळ, बुरशी, जिवाणू यांचा जमिनीतला संसार मोडला की नुसत्या पिशवीने भागत नाही, ही साहेबांची मूळ गोष्ट मात्र आज विज्ञानानेच उचलून धरली आहे.

हे सगळे मी एका रात्री जेवणानंतर ओसरीवर सांगितले. आबा ऐकत होते. साहेबाकडे गुरे किती होती, एवढेच त्यांनी विचारले. मी म्हटले, चाळीस बैल आणि वर्षाला हजार गाड्या खत. आबांनी बोटांवर हिशेब केला : जोडीमागे पन्नास गाड्या. मग दावणीकडे पाहून गप्प झाले. म्हैस आणि भाकड गाय मिळून किती गाड्या होणार, हे त्यांना माझ्याहून अधिक कळत होते.

बापू आतून ऐकत असावेत. बाहेर येऊन त्यांनी विचारले की गुरे कमी असली तर शेण किती लागते, आणि कपाशीच्या पऱ्हाट्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली चिरडल्या तर चालेल का. चाकाचे मी सांगू शकले, शेणाचे नाही. त्यावर बापू आणि आबा यांच्यात बऱ्याच महिन्यांनी वाद झाला, चांगला मोठ्याने, शेजारी बाहेर येईपर्यंत. ठरले काहीच नाही. मुरमाची ट्रॉली अजून खळ्यातच उभी आहे.